मिस्त्रीने बसवलेला बंपर

“लोखंडाशी भांडू नये. त्याची समजूत घाला लागते,” असं म्हणत तो हातातल्या तुकड्यावरून अंगठा फिरवायचा, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. कारंजा गावातल्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर कारकून होतो, तिथला तो मिस्त्री. असा एखादा मिस्त्री तुम्हीही पाहिला असेल. कमी बोलणारा, आणि बोललाच तर माणसांपेक्षा यंत्रांशी.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मालकांची जुनी मोटार मेडशीच्या रस्त्यावर एका बैलगाडीवर आदळली. बैल जागीच मेला. मालक आठवडाभर हळहळले ते पुढच्या बंपरसाठी. मुंबईहून नवा मिळेना. शेवटी अकोल्याच्या भंगारातून दुसऱ्याच मोटारीचा बंपर आला.

“हा आपल्या गाडीचा नाही, मालक. भोकं जुळत नाईत.”

“मंग जुळव. तुले कायले ठेवलं?”

दोन दिवस तो भट्टीपाशी होता. पट्ट्या तापवून वाकवल्या, कानशीने भोकं लांबवली. तिसऱ्या दिवशी सकाळी मोटार दगडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मोटार आणि भिंत यांच्यामधल्या जेमतेम जागेत बसून तो बोल्ट आवळत होता.

मालक येऊन मोटारीत बसले आणि त्यांनी हॉर्न दाबला. मिस्त्री दचकला, डोकं बंपरवर आपटलं. आम्ही सगळे हसलो.

“दोनच बोल्ट राह्यले, मालक. इंजन नका चालू करू.”

मालकांनी इंजिन सुरू केलं. तो धडपडत उठायला गेला आणि धोतरात पाय अडकून पुन्हा खाली बसला. आम्ही पुन्हा हसलो. मीही. हसणारी माणसं मालकांना आवडत.

“भेते कसा, पाहा!” म्हणत त्यांनी गिअर टाकला. नुसता एक धक्का द्यायचा होता म्हणे.

त्याचा उजवा हात बंपर आणि भिंतीच्या मध्ये सापडला. तो ओरडण्याआधी वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज झाला.

मालक उतरले ते आधी बंपरपाशी वाकले. आम्ही मोटार मागे ढकलून हात सोडवत होतो, तेव्हा ते म्हणाले, “पोचा नाही पडला. काम पक्कं केलं लेकानं.”

दवाखान्यात हात मनगटापासून काढला. तो घरी परतला तोवर जिनिंगमध्ये दुसरा मिस्त्री आला होता.

बायकोला घेऊन तो रिठदला, सासुरवाडीला निघाला, त्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. काही लागलं तर कळवा, असं काहीतरी बोललो.

“तुमी बी हासून राह्यले होते, बाबूजी,” तो म्हणाला. रागाने नाही. मला ठाऊक नसेल तर ठाऊक असावं, एवढ्यासाठी.

त्याच्या पेटीला दोरी बांधायची होती आणि एका हाताने गाठ बसत नव्हती. मी पुढे झालो. त्याने माझ्याकडे पाठ केली, दोरीचं टोक दातांत धरलं आणि मान झटकून गाठ आवळली.