न पाजलेलं पाणी

माझी बायको गेली त्या दुपारी घरी आलेल्या प्रत्येकानं मला एकच विचारलं, "शेवटी पाणी पाजलं ना?" मी म्हणालो, "पाजलं. माझ्याच हातानं."

ते खोटं होतं. खूप वर्षं ते सांभाळलं. आता थकलो.

तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. डायलिसिससाठी आम्ही माकणीहून धाराशिवला जायचो. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं होतं. जास्त प्यायली की अंगावर सूज यायची, धाप लागायची. म्हणून दिवसाच्या पाण्याची बाटली मी माझ्याकडे ठेवायचो. माझी सगळी नोकरी कालव्यावर गेली, कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं ते बघण्यात. ती म्हणायची, "अहो, लोकांच्या उसाला लई सोडलंत, मलाबी एक पाळी सोडा की." दोघंही हसायचो.

त्या सकाळीच बाटली संपली. तिनं पाणी मागितलं. मी ओला कापूस ओठांना लावला. तिनं पुन्हा मागितलं. मी वैतागून म्हणालो, "लहान आहेस का?" ती भिंतीकडे वळली. थोड्या वेळानं हाक मारली तेव्हा ती गेली होती.

पुढं विहारात आनापानाला जाऊ लागलो. डोळे मिटून नुसता येणारा-जाणारा श्वास बघायचा. ते कसंबसं जमायचं. मग मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं. तिची सुरुवात स्वतःपासून होते, मी सुखी होवो. ते वाक्य मी गाळायचो आणि एकदम शेजाऱ्यांपासून सुरू करायचो.

गेल्या महिन्यात मुलगी आली. शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"म्हणजे मी सगळ्यांना खोटं सांगत फिरले? आई बाबांच्या हातचं पाणी पिऊन गेली म्हणून?"

"व्हय."

"पाणी दिलं नाही ते कळतं मला. मी असते तर मीपण दिलं नसतं. पण मला का नाही सांगितलं?"

तो प्रश्न मी टाळला. मी म्हणालो, "तू असतीस तर तुझी चूक नसती, बाळा. तू डॉक्टरांचं ऐकलं असतंस."

तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि तुम्ही कुणाचं ऐकलंत, बाबा?"

ती आत गेली. तिचं रडणं ऐकू येत होतं. उठून समजूत काढायचं त्राण नव्हतं, आणि काहीतरी गोड सांगून ते थांबवावं असंही वाटेना. बसल्या जागी श्वास बघत राहिलो. मग तिच्याशी बोललो होतो त्याच सुरात स्वतःला म्हणून बघितलं, तुझी चूक नव्हती.

पाण्याबद्दल ते पटलं. 'लहान आहेस का' याबद्दल अजून पटलेलं नाही.