उलट फिरणारा पंखा

आमच्या फ्लाइंग क्लबात त्यांना सगळे मायक्रॉन म्हणत. धंदा गिअर कापण्याचा. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि गिअर कापायचं एक जुनं यंत्र, एवढ्यावर त्यांनी तीस वर्षं काढली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेवढ्या फरकासाठी ते तयार झालेला माल पुन्हा यंत्रावर चढवत, म्हणून हे नाव पडलं. माणूस अबोल, पण एकदा मनात डूख धरला की सोडायचा नाही. एका गिऱ्हाइकानं कधीतरी रागाच्या भरात त्यांना 'लोहार' म्हटलं होतं. त्या गिऱ्हाइकाचं काम त्यांनी पुढे घेतलं नाही, आणि पंचवीस वर्षांनी त्याचा मुलगा आला तर त्याचंही नाही.

कारखान्यामागच्या शेडमध्ये ते विमान बांधत होते. दोन माणसांचं, लोखंडी नळ्यांच्या सांगाड्याचं, वरून कापड ताणलेलं, शेपटीखाली छोटं चाक. नकाशे तेवढे विकतचे, बाकी सगळं घरचं. पंखांवरचं कापड वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, हातानं शिवलं होतं. दर अडीच इंचांवर एक गाठ. त्या गाठी मारून मारून त्यांच्या तर्जनीला घट्टा पडला होता आणि तो त्या पाहुण्यांना कौतुकानं दाखवत.

वहिनींचे थोरले भाऊ आमच्या क्लबचे मुख्य वैमानिक. त्यांना सगळे कप्तान म्हणत. उंच, देखणे, आवाज खणखणीत. हवेत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. जमिनीवर मात्र त्यांना दोन गोष्टींचा कंटाळा होता: दुसऱ्याचं ऐकून घेणं आणि कागद वाचणं. समोर कागद आला की ते "कुठे करू?" एवढंच विचारत आणि सही ठोकत. "वाचत बसायचं असतं तर वकील झालो असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

क्लबचं एक जुनं विमान मोडीत निघणार होतं. त्याचं इंजिन मायक्रॉनना द्यायचं, असं कप्तानांनी बहिणीच्या घरी, जेवता जेवता कबूल केलं. "तुमचंच समजा, जावईबापू!" मायक्रॉननी ते तसं समजलं. त्या इंजिनाच्या मापानं विमानाच्या नाकातली चौकट वेल्ड केली. दोन हिवाळे बसून त्या इंजिनासाठी लाकडाचा पंखा कोरला. पंखा म्हणजे विमानाला पुढे ओढणारा प्रोपेलर. मग जुनं विमान मोडीत निघालं आणि इंजिन कप्तानांच्या टेनिसच्या जोडीदाराला गेलं.

मायक्रॉन विचारायला आले तेव्हा क्लबच्या व्हरांड्यात चहा चालू होता. आम्ही बाराएक जण असू.

"अहो, ते खरं इंजिन आहे," कप्तान म्हणाले, "खऱ्या विमानात जायला हवं. तुमच्या त्या कोंबड्यांच्या खुराड्याला पाणी उपसायचा पंप लावा. उडालं नाही तर निदान बागेला पाणी तरी मिळेल."

सगळे हसले. मायक्रॉनही हसले. पण त्यांचा कप भरलेलाच राहिला, आणि त्यानंतर त्यांनी क्लबात कधी चहा घेतला नाही.

महिनाभरात त्यांनी एका भंगारवाल्याकडून मोटारीचं इंजिन आणलं. गाडी मागून ठोकली गेली होती. पुढचं इंजिन शाबूत होतं. मोटारीचं इंजिन विमानाला लावणं म्हणजे एकेक अडचण निस्तरत जाणं. पहिली अडचण वजनाची. हे इंजिन बावीस किलोंनी जड, म्हणजे विमान नाकावर झुकणार. तिन्ही चाकांखाली तीन वजनकाटे ठेवून त्यांनी कितीदा तरी वजन घेतलं आणि शेवटी बॅटरी उचलून आसनांच्या मागे नेली. हे इंजिन पाण्यानं थंड होणारं, म्हणून पोटाखाली रेडिएटर आला. नाकातली चौकट कापून नवी करावी लागली. आणि इंजिन जेवढं वेगानं फिरतं तेवढ्या वेगानं पंखा फिरवून चालत नाही, म्हणून वेग निम्म्यावर आणणारे दोन गिअर मध्ये घालावे लागले. ते त्यांनी स्वतः कापले. तसे गिअर मी तरी पाहिले नाहीत. हातानं फिरवले तर आवाजसुद्धा येत नसे.

दोन गिअर एकमेकांत अडकले की दुसरा पहिल्याच्या उलट फिरतो. मध्ये तिसरा घालून दिशा पुन्हा सरळ करता आली असती, पण वजन वाढलं असतं. म्हणून त्यांनी पंखाच उलट फिरू द्यायचं ठरवलं. दोन हिवाळ्यांची मेहनत असलेला जुना पंखा वाया गेला. नवा कोरला, तेव्हा वहिनींनी दोन्ही शेजारी ठेवून पाहिले.

"अहो, हा तर दुसऱ्या पायातला बूट झाला!"

"दुसऱ्याच पायाचं काम आहे," मायक्रॉन म्हणाले.

ते खरंच होतं. आमच्या क्लबातली सगळी विमानं जोर धरताना डावीकडे ओढतात आणि वैमानिक उजव्या पायानं सुकाणू दाबून त्यांना सरळ ठेवतो. हे विमान उजवीकडे ओढणार होतं. त्याला डावा पाय हवा. ज्याला माहीत आहे त्याला यात काही अवघड नाही. ज्याला माहीत नाही त्याचा उजवा पाय सवयीनं पुढे जाणार, आणि आधीच उजवीकडे ओढणारं विमान आणखी उजवीकडे जाणार.

आमच्या धावपट्टीच्या उजव्या अंगाला सिमेंटचं उघडं गटार आहे.

नव्या विमानाचं पहिलं उड्डाण मुख्य वैमानिकानंच करायचं, असा क्लबचा नियम. तसं पत्र मायक्रॉनच्या हातात पडलं, त्या दिवसापर्यंत पंख्याची दिशा ही त्यांच्या लेखी गिअरची बाब होती. पत्र वाचून ते मैदानावर गेले आणि धावपट्टीच्या मध्यापासून गटारापर्यंतची पावलं मोजली. एकोणीस भरली. हे त्यांनी मला पुढे स्वतःच सांगितलं, जराही न अडखळता. त्यांचा सगळा विचार झाला होता. वेग मोटारसायकलीएवढा असेल, अंगावर चार ठिकाणी बांधलेले पट्टे असतील, कप्तान मरणार नाहीत. चाकं जातील, पंखा जाईल, एक बाजू मोडेल. "विमान पुन्हा बांधता आलं असतं," ते म्हणाले. "क्लबसमोर गटारातून वर येणारं ते तोंड पुन्हा कुठे बघायला मिळणार?"

बेइमानी मात्र त्यांना करायची नव्हती. उड्डाणाआधी भरायच्या फॉर्ममध्ये अठरा कलमं असतात. चौदावं असं: 'विमानाच्या वेगळ्या वर्तनाविषयी वैमानिकास दिलेली माहिती.' मायक्रॉननी त्यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पंखा उलट दिशेने फिरतो. जोर देताना विमान उजवीकडे ओढेल. डावा पाय वापरावा.' एक शब्द खोटा नाही. समोरचा माणूस तो वाचणार नाही, यावर त्यांची सगळी भिस्त होती.

त्या सकाळी तीसेक सभासद जमले. मायक्रॉननी इंजिन आधीच चालवून, गरम करून बंद ठेवलं होतं. कप्तान आले, विमानाला एक चक्कर मारली, रेडिएटरवर टिचकी मारली.

"काय जावईबापू, पंपच लावलात शेवटी! पाणी घातलंय ना?"

लोक हसले. मायक्रॉननी फॉर्म पुढे केला. वारा होता म्हणून वहिनींनी कागदाची दोन टोकं धरली.

"कुठे करू?"

"इथे. आणि इथे."

कप्तानांनी सह्या केल्या आणि आत जाऊन बसले. वहिनींच्या हातात कागद तसाच होता. त्या तो वाचत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा गटाराकडे पाहत होता. वहिनींनी पर्स खांद्याला अडकवली, दुसऱ्या बाजूनं दार उघडलं आणि भावाशेजारच्या आसनावर जाऊन बसल्या.

"अगं, हे काय? उतर!" कप्तान ओरडले. "पहिल्या उड्डाणाला दुसरं माणूस चालत नाही."

"यांना तुला काहीतरी सांगायचंय. ते सांगू देत, मग उतरते."

"काय हो, काय सांगायचंय?"

मायक्रॉननी नजर पुन्हा गटाराकडे वळवली.

"सांगा ना," वहिनी म्हणाल्या. "मी पट्टासुद्धा बांधलाय."

तीस माणसं मायक्रॉनकडे पाहत होती. त्यांचा डाव फसला होता आणि कुणामुळे, हेही त्यांना दिसत होतं. त्यांनी बायकोच्या हातातून फॉर्म घेतला आणि कप्तानांच्या मांडीवर ठेवला.

"चौदा नंबर वाचा."

"काय आहे?"

"मोठ्यानं वाचा. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

कप्तानांनी वाचायला सुरुवात केली ती ऐटीत. 'उजवीकडे ओढेल' इथे आवाज खाली आला. 'डावा पाय' हे शब्द पहिल्या रांगेपलीकडे ऐकूच गेले नाहीत. त्यांनी मान वळवून गटाराकडे पाहिलं. मागे कुणीतरी म्हणालं, "आणि यावर सही केली यांनी?"

"हे तोंडानं सांगता येत नव्हतं?" कप्तानांचे ओठ पांढरे पडले होते.

"इंजिनाचं तुम्ही तोंडानंच सांगितलं होतं. तेव्हापासून मी सगळं लेखी ठेवतो."

कुणी हसलं नाही. कप्तानांनी घसा साफ केला. "बरं, झालं. डावा तर डावा. उतर गं तू. उडवून दाखवतो."

मायक्रॉननी हात आत घालून किल्ली काढली. मोटारीचं इंजिन, किल्लीही मोटारीचीच. ती त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली.

"उतरा. खुराड्यात तुमच्यासारख्यानं बसू नये."

उंच माणसाला त्या विमानातून उतरणं सोपं नाही. आधी एक पाय, मग वाकून डोकं, मग दुसरा पाय. कप्तानांना बराच वेळ लागला.

उड्डाणासाठी दुसऱ्या क्लबातून एक प्रशिक्षक बाई आल्या, पण पाच महिन्यांनी. तोवर आमच्याकडे कप्तानांसमोर कुठलाही कागद आला की कुणी ना कुणी म्हणे, "कप्तान, वाचून दाखवू का?" पुढे त्यांनी मुख्य वैमानिकपद सोडलं. कारण प्रकृतीचं दिलं. मायक्रॉनना ही बातमी मीच सांगितली. "प्रकृतीला जपायला हवं," म्हणून ते पुन्हा गिअरकडे वळले. त्यांना वाईट वाटल्याचं मला कधी दिसलं नाही.

बाईंनी फॉर्म दोनदा वाचला, तासभर प्रश्न विचारले, डाव्या पायानं सुकाणू तीन-चारदा दाबून पाहिलं आणि विमान सरळ उचललं. इंजिनाचा आवाज एकसारखा होता. मी मायक्रॉन आणि वहिनींच्या मागे उभा होतो. विमान मैदानावरून पहिलं वळण घेत होतं, तेव्हा वहिनींनी वर पाहतच विचारलं,

"त्या दिवशी मी चढले नसते, तर तुम्ही बोलला असतात?"

मायक्रॉनची नजर विमानावरून हलली नाही.

"नाही."

वहिनींनी मान हलवली. मग चार-पाच पावलं बाजूला जाऊन त्या एकट्या उभ्या राहिल्या. विमान खाली येईपर्यंत त्या तिथेच होत्या, आणि मायक्रॉन आपल्या जागी.