ओटीचा नारळ आणि ठासून भरलेली बॅग

नारळ फुकटचा होता. मेहुण्याने परसातल्या झाडावरून काढला, सोलला, शेंडी तेवढी ठेवली. बंगळुरूला पोचेपर्यंत तो मला सोळाशे रुपयांना पडला. अर्धी चूक स्वस्त तिकिटाची, अर्धी माझ्या हाताची. तुमचाही विमानाने नारळ न्यायचा बेत असेल तर आधी हे वाचा.

लेक प्राजक्ता बंगळुरूला असते. सातवा महिना लागलेला. पहिल्या खेपेला तिसऱ्याच महिन्यात सगळं संपलं होतं, म्हणून या वेळी घरात सगळे जपून बोलायचे. बायकोने, वनिताने, एकच गोष्ट ठरवलेली: ओटी भरायची ती तिच्या माहेरच्या, खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या झाडाच्या नारळाने. तिच्या आईने तिची तशीच भरलेली.

"बंगळुरूत नारळांचा दुष्काळ पडलाय का?" मी म्हटलं.

वनिता चिडली की माहेरची बोली बाहेर येते. "नारल मिलंल. माज्या आयनं लावलेला झार मिलंल काय?"

तीनच दिवस जायचं, म्हणून मी फक्त हँडबॅगचं तिकीट काढलं. माणशी सात किलो, चेक-इनला काही नाही. कपडे तिच्या बॅगेत, ओटीचं सामान माझ्या. भरायला मीच बसलो, कारण तो माझा धंदा. वागळे इस्टेटमध्ये खोके चिकटवायला लागलेलो, आज पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट माझं आहे. "मी भरलेला माल पोचेपर्यंत कुणाला उघडावा लागत नाही," असं तिला ऐकवलंही. आमच्याकडे नियम एकच: खोका हलवला तर आत काही वाजता कामा नये. नारळ पुठ्ठ्यात गुंडाळला, टेप मारली, बरोबर मधोमध बसवला. फटींत चार्जर, पॉवर बँक, वायरी. वर तांदूळ, खण, हळदकुंकवाच्या पुड्या. हवा शिरायला जागा ठेवली नाही.

ठाण्यातल्या कोपरीहून सकाळी मुंबई विमानतळापर्यंत कॅब केली. पवईच्या लिंक रोडने सातशे रुपये झाले आणि रस्ता मोकळा मिळाला. इथवर सगळं सुरळीत.

सिक्युरिटीच्या पट्ट्यावरून वनिताची बॅग बाहेर आली. माझी आत गेली ती आतच राहिली.

"ये बॅग किसका है?" जवानाने विचारलं आणि मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला. काळा मिट्ट गोळा, भोवती वायरींचं वेटोळं. खरं सांगतो, बॅग दुसऱ्या कुणाची असती तर मीच चार पावलं मागे सरकलो असतो.

"नारल है साब," वनिता पुढे झाली. "लेकी का ओटी का."

"किसका?"

"बेटी को बच्चा होनेवाला है," मी म्हटलं.

तो हसला. "मुबारक हो, आंटी. लेकिन नारियल केबिन में नहीं जाएगा." टेप सोडवायला त्याला कात्री लागली. शेजारच्या टबात लोकांकडून काढून घेतलेले लायटर, कात्र्या, अत्तरं होती. आणि दोन नारळ. म्हणजे आमच्यासारखे आणखी होते.

वनिताने नारळ पदरात घेतला. रडली नाही, भांडली नाही. "तुमी जावा," म्हणाली. "मी याला घेऊन घरी जातंय."

ती खरंच गेली असती. जवानाने घड्याळ पाहिलं. "अभी काउंटर खुला है. चेक-इन में डाल दो. जल्दी."

एका कर्मचाऱ्यासोबत आम्ही उलटे धावलो. काउंटरवरची मुलगी मराठी निघाली. "काका, ओला आहे की सुका? सुका असेल तर चेक-इनमध्येही चालणार नाही."

वनिताने नारळ तिच्या कानाशी धरून हलवला. "आईक. पानी वाजतंय."

मुलगी हसली. "ओला आहे. पण काका, तुमच्या तिकिटात बॅगच नाही." बॅगेचे सोळाशे झाले, मी कार्ड पुढे केलं. पॉवर बँक तेवढी काढून घ्यायला लावली, ती हातातच ठेवायची असते.

परत आत शिरताना तोच जवान म्हणाला, "अंकल, इतना टाइट मत भरो. मशीन को दिखना चाहिए."

तेवढं लक्षात ठेवा. बॅग सैल भरा. वायरी एका पिशवीत, चटकन ट्रेमध्ये काढता येतील अशा. लोणचं, तूप, तेल घरीच ठेवा. नियम बदलत असतात, म्हणून विमान कंपनीची वेबसाइट आदल्या दिवशी बघा. ओटी न्यायची असेल तर बॅगेसकट तिकीट काढा, स्वस्त पडतं.

बंगळुरूचा विमानतळ शहरापासून लांब आहे. कॅब करू नका, एसी बस थेट शहरात नेते. नारळ शेंडीसकट धड पोचला. दुसऱ्या दिवशी ओटी भरली. प्राजक्ताने तो कानाशी हलवून बघितला, मग आईचा हात पोटावर ठेवला. वनिताचा हात बराच वेळ तिथेच होता. जावई चहा घेऊन आला आणि दारातच थांबला.

कोपरीत परत आल्यावर सोळाशे रुपयांचा विषय मी काढला नाही. कुणी मागितले असते तर आणखी दिले असते.

परतीला दोन बॅगा होत्या. वनिताने स्वतःची भरलेली, ती सिक्युरिटीतून सरळ गेली. माझी मी भरलेली, कॉफीची पाकिटं अगदी चपखल बसवून. ती पुन्हा उघडायला लावली.