चौदानंतर थेट सत्तावीस

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. खरं सांगायचं तर माणसांवरही फारसा नाही. वेबसाइट बनवायचा माझा धंदा... आणि काही बिघडलं की 'मी काहीच केलं नाही' म्हणणाऱ्यानेच ते केलेलं असतं, हे मी अनुभवाने शिकलोय. तरीही मागच्या वर्षी जे घडलं ते लिहितोय.

डोंबिवली पूर्वेला आमच्या घराजवळ एका वयस्कर डॉक्टरांचा दवाखाना आहे. तिथे नंबर लावायचा म्हणजे सकाळी दाराशी रांगेत जुनी चप्पल नाहीतर पिशवी ठेवायची आणि घरी जायचं. कोणती चप्पल कोणाची, हे रिसेप्शनवरच्या मंदाताईंना तोंडपाठ. वीस वर्षं त्या तिथेच.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी टोकनचा टीव्ही लावून दिला. साधी वेबसाइट म्हणजे उतावळा पेशंट — ब्राउझर सतत सर्व्हरला विचारणार, 'माझा नंबर आला का?' मी वेबसॉकेट वापरलं. त्यात दोघांमधली लाइन उघडीच राहते. सर्व्हर म्हणतो, तू बस, नंबर आला की मीच हाक मारतो. लाइन चालू आहे ना हे बघायला तो अधूनमधून विचारतो, 'आहेस का?' पलीकडून उत्तर येतं, 'आहे.' इथे लाइन दोनच — मंदाताईंच्या कॉम्प्युटरची आणि टीव्हीची. ताईंनी बटण दाबलं की टीव्हीवर पुढचा नंबर; मधलाच हवा असेल तर तो टाइप करायचा.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास चौदानंतर थेट सत्तावीस आला. सत्तावीस नंबरचे आजोबा कोपऱ्यात छाती चोळत बसलेले, 'ॲसिडिटी आहे' म्हणत. शीळफाट्याकडचे, म्हणजे मंदाताईंच्याच गावचे. लोक भडकले. आजोबा मात्र नंबर दिसला म्हणून आत गेले. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि तिथूनच ॲम्ब्युलन्स बोलावली. हार्ट अटॅक होता. आजोबा वाचले.

तक्रारी मात्र थांबेनात. डॉक्टरांनी मला बोलावलं. "हे आपोआप होऊ शकतं का?"

"नाही. कोणीतरी नंबर टाकल्याशिवाय नाही," मी म्हणालो. कोणत्या लाइनवरून काय आलं, याची सर्व्हरवरची नोंद मी उघडूनही बघितली नव्हती.

मंदाताई समोरच होत्या. "अरे निखिल, मी हात पण नाय लावला. लावला असता तर सांगितलं असतं ना, माणूस वाचला त्यात."

मनात म्हटलं, सगळे असंच म्हणतात. "आज जीव वाचला, उद्या गावचा माणूस म्हणून सर्दीवाल्याला आत सोडाल," असं म्हणून डॉक्टरांनी त्यांना कामावरून काढलं. ताई डबा पिशवीत टाकून निघून गेल्या.

रविवारी दवाखाना बंद असताना पासवर्ड बदलायला गेलो, तेव्हा नोंद उघडली. मंगळवारी सत्तावीस गेला होता खरा... पण ताईंच्या लाइनवरून नाही. तिसऱ्याच एका लाइनवरून. ती कुठून जोडली आहे, त्या पत्त्याची जागा रिकामी.

कोणीतरी बाहेरून घुसलंय, अशी माझी खात्री झाली. पासवर्ड बदलला. टीव्ही आणि कॉम्प्युटर, दोन्हींचे प्लग काढले. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला — त्यात सगळ्या लाइन तुटतातच. मग लॅपटॉपवर बघत बसलो. सर्व्हरने विचारलं, 'आहेस का?'

उत्तर आलं, 'आहे.'

भर दुपारी मी घाबरलो. तसाच डॉक्टरांकडे गेलो, सगळं सांगितलं. ते स्वतः मंदाताईंच्या घरी जाऊन त्यांना परत घेऊन आले.

ठाण्यातल्या एका हुशार मित्राला दाखवलं. त्यालाही काही कळलं नाही. नंबर पुन्हा कधी उडाला नाही, पण ती लाइन अजून आहे. परवाही मी दवाखान्यात बसून तीच शोधत होतो. मंदाताईंनी चहा आणून ठेवला.

"सापडलं काय?"

"नाही ना, ताई."

"त्याच्यासाठी महिने घालवतोयस," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझ्या टायमाला पाच मिनटं तरी शोधायचं होतंस रे."

लाइन कोणाची, ते मला आजही माहीत नाही. ताईंसाठी पाच मिनिटं का शोधलं नाही, ते मात्र माहीत होतं. मी चहा घेतला आणि मान वर केली नाही.