उभ्या जीपमधला घाट

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी सोलापुरात खोली घेऊन राहत होतो. शेजारच्या बोळात एक गृहस्थ रोज संध्याकाळी बायकोला आपल्या जुन्या जीपमध्ये बसवत. त्यांना उन्हाळ्यात डोंगरांतून थेट नेपाळला जायचं होतं. पण बाईंना मोहोळच्या सपाट रस्त्यावरही गाडी लागायची, आणि त्यांच्याशिवाय जायला हे तयार नव्हते. म्हणून हा सराव. जीप बंदच असे. ते गंभीरपणे स्टिअरिंग फिरवत आणि आम्ही कॉलेजची पोरं मागून गाडी हलवायचो.

"हितं डोंगर न्हाई, मग माणसंच लावायची की," ते मला म्हणाले. मी स्वतः तोवर घाट पाहिला नव्हता, तरी मनापासून हलवायचो.

"डावं वळण हाय, धरून बस."

बाई तोंडात आवळासुपारी धरून कलायच्या. एकदा त्या घाईनं उतरल्या आणि गटारापाशी ओकल्या. आम्ही ओशाळून थांबलो. बेत मोडला, असंच वाटलं. त्यांनी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा येऊन बसल्या.

"अवो, नेपाळ अजून किती लांब हाय?"

गृहस्थांनी समोरच्या भिंतीकडे नीट पाहिलं. मग मागं वळून आम्हाला म्हणाले, "सावकाश हलवा रं. उतार लागलाय."