एकाच कोटातले चेहरे

डांबरगोळ्या, शिळी फेसपावडर, कॉलरमध्ये मुरलेलं खोबरेल तेल, आणि या सगळ्याखाली दडपलेला, कुणा एकाचा म्हणता न येणारा घामाचा वास... त्या गडद निळ्या कोटाचा वास माझ्या नाकात अजून आहे. माझे थोरले दीर सेतुमाधवराव गेल्याचा फोन आला, तेव्हा मी अड्यारच्या आमच्या घरी सकाळच्या कॉफीचं डिकॉक्शन उतरण्याची वाट पाहत उभी होते. स्वयंपाकघर त्या कडवट सुगंधाने भरलं होतं. "काकू, अप्पा गेले. झोपेतच," एवढंच त्यांचा मुलगा श्रीकांत म्हणाला. मी फोन ठेवला, आणि कॉफीच्या वासाला बाजूला सारून तो कोट माझ्यापर्यंत आला. माणूस गेला की त्याचा आवाज आठवतो, हात आठवतात, असं म्हणतात. मला एक कपडा आठवला, जो भावजींनी स्वतः कधीच अंगात घातला नव्हता.

या गोष्टीला काही आठवडे झाले. मधल्या काळात त्यांच्याविषयी पुष्कळ बोललं गेलं. ज्ञानदीप, गरिबांचा कैवारी, हजारो घरांत डॉक्टर घडवणारा शिल्पकार. शोकसभेत हे शब्द गुलाबपाण्यासारखे शिंपडले जात होते आणि मी मागच्या रांगेत बसून पंख्याची घरघर ऐकत होते. मला भावजी आवडत नव्हते. ते गेल्याने माझ्या मतात काही फरक पडलेला नाही, आणि पडल्याचं नाटक मला जमणार नाही.

लग्न होऊन मी नाशिकहून चेन्नईला आले तेव्हा या घरातली मराठी ऐकून थक्क झाले होते. तंजावरहून पिढ्यान्‌पिढ्या जपत आणलेली, जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी भाषा, आणि तिच्यावर तमिळचा हेल. भावजी त्या भाषेत बोलू लागले की ऐकत राहावंसं वाटे. तेव्हा ते भाड्याच्या घराच्या गच्चीवर भौतिकशास्त्र शिकवत. वाळत घातलेल्या साडीच्या लाटेवरून त्यांनी एकदा मुलांना प्रकाश समजावून सांगितला होता. साडीचा काठ वाऱ्याने उचलला जाई, खाली येई, आणि ते म्हणत, "बघा, कापड पुढं जात नाही, थरथर पुढं जाते." कवितेच्या वर्गात चार वर्षं काढूनही इतकं नेमकं वाक्य मी ऐकलं नव्हतं. हे मी प्रामाणिकपणे लिहिते, कारण पुढचं सगळं त्यामुळेच अक्षम्य ठरतं. ज्याला शिकवता येत नाही त्याने दुकान मांडलं तर एक वेळ समजू शकते. यांना शिकवता येत होतं.

गच्चीची अकादमी झाली, अकादमीच्या शाखा झाल्या. मी तिथे मुलांना इंग्रजी आणि मुलाखतीची तयारी शिकवायला जाऊ लागले. भावजी मात्र हळूहळू वर्गातून नाहीसे झाले आणि होर्डिंगवर दिसू लागले. दरवर्षी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की स्वागतकक्षामागच्या खोलीत पांढरा पडदा लागे, फोटोग्राफर येई आणि कपाटातून तो कोट निघे. खिशावर अकादमीचं सोनेरी चिन्ह असलेला एकच कोट. त्यात एकामागून एक मुलं शिरत. सडपातळ मुलांच्या पाठीमागे कपडे वाळत घालायचे चिमटे लावत, जाड मुलांची बटणं उघडीच ठेवून हाताची घडी घालायला सांगत. पुढून प्रत्येक जण त्या कोटातच जन्मल्यासारखा दिसे. त्यांतली कितीतरी मुलं मी त्या दिवशीच पहिल्यांदा पाहत असे. कुणी दुसऱ्या क्लासचं, कुणी घरीच अभ्यास केलेलं, कुणी आमच्या इथे एखादी सराव परीक्षा फुकट देऊन गेलेलं. गुण मिळाले की ती आमची होत. ज्यांना मिळत नसत, ती दोन वर्षं आमच्याच बाकांवर बसलेली असली तरी कुणाची नसत.

हा उद्योग सगळेच करत, म्हणून एकदा वर्तमानपत्रांत ओरड झाली. तेव्हा खासगी क्लासचालकांच्या संघाने आचारसंहिता करायचं ठरवलं आणि तिच्या समितीचे अध्यक्ष म्हणून एकमताने निवडलं ते भावजींना! ते रविवारी आमच्या घरी आले, झोपाळ्यावर बसले आणि म्हणाले, "तू कवितेची विद्यार्थिनी. शब्द तुझं ऐकतात. आम्हांला थोड्या ओळी लिहून दे, भिंतीवर लावायला."

मी मन लावून लिहिल्या. विद्यार्थ्याला भीती घालून प्रवेश घ्यायला लावणार नाही, त्याची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणार नाही, सोडून जाऊ पाहणाऱ्याला अडवणार नाही. आणि शेवटी, ज्याला आम्ही शिकवलं नाही त्याच्या यशावर आमचं नाव घालणार नाही. भावजींनी कागद वाचला, खिशातून पेन काढलं आणि शेवटच्या ओळीवर हलकेच रेघ मारली.

"का, भावजी?"

"फार छान आहे, अम्मा. कवितेसारखी आहे. कविता भिंतीवर नोको, पुस्तकांत बरी."

बाकीच्या ओळी पितळी चौकटीत, तमिळ आणि इंग्रजी भाषांतरासह, स्वागतकक्षात लागल्या. पालक त्या चौकटीखाली बसून प्रवेशाचे कागद भरत.

त्यानंतरच्याच निकालात कयल आली. कयलविळी हे तिचं पूर्ण नाव. चेन्नईबाहेरच्या ओरगडमजवळच्या गावची. वडील ट्रकच्या कारखान्यात जोडणीच्या साखळीवर उभे राहणारे, आणि ती सरकारी शाळेत शिकलेली. तिला शिकवलं होतं सेल्वी टीचर नावाच्या बाईंनी. शाळा सुटल्यावर त्याच वर्गात, पंखा बंद पडला तर दार उघडं टाकून, दोन वर्षं. अकादमीशी तिचा संबंध इतकाच, की आमच्या ओरगडम शाखेच्या उद्‌घाटनाला ठेवलेल्या मोफत सराव परीक्षांना टीचरनीच तिला पाठवलं होतं. निकालात तिचं नाव झळकताच अकादमीची गाडी तिच्या दारात गेली. वडिलांच्या हातात लॅपटॉपचं खोकं दिलं, सही घेतली आणि तिला फोटोला आणलं. तिच्या पाठीला चिमटे लावत होते तेव्हा ती मला म्हणाली, "मिस, हा कोट कुणाचा आहे? आत ओला लागतोय." तिच्या आधी तीन मुलं त्यात शिरून गेली होती.

तिचा चेहरा ओरगडमच्या चौकात दुमजली घराएवढा लागला. 'आमची कयल, आमचा अभिमान.' सेल्वी टीचर रोज सकाळी शेअर रिक्षातून त्याच चौकात उतरत आणि त्या चेहऱ्याखालून चालत शाळेत जात. पण अपमान एवढ्यावर थांबला नाही. गावातल्या पालकांनी होर्डिंग पाहिलं आणि त्यांना पटलं, की पोरगी शाळेने नव्हे, अकादमीने डॉक्टर केली. त्याच वर्षीच्या प्रवेशांत शाळेचा अकरावी विज्ञानाचा वर्ग जवळजवळ ओस पडला. बायकांनी दागिने गहाण टाकून मुलं आमच्या शाखेत घातली. मुलंच नाहीत म्हटल्यावर टीचरची बदली झाली. ज्या बाईंनी तो चेहरा घडवला, त्यांचा वर्ग त्याच चेहऱ्याने रिकामा केला.

कयल मला शोधत आमच्या घरी आली. पायरीवर चप्पल काढून तिथेच बसली, आत यायला तयार होईना. तमिळमध्ये म्हणाली, "मिस, टीचरना फोन केला की त्या अभ्यासाचंच विचारतात. होर्डिंगचं एक अक्षर काढत नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला फक्त माझा चेहरा परत द्या. लॅपटॉप मी घेऊन आलेय." पिशवीत तो खरोखरच होता, खोकंसुद्धा न फोडलेला.

मी तिला घेऊनच भावजींकडे गेले. त्यांनी तिला मायेने बसवलं, कॉफी मागवली, तिच्या कॉलेजची चौकशी केली. मग माझं म्हणणं ऐकून हसले.

"ती आमची नोहे म्हणून कोण सांगितलं? आमच्या बाकावर बसली, आमचा पेपर लिहिली."

"बाकाने शिकवलं का, भावजी? शिकवलं त्या बाईंची बदली झाली."

"बदली सरकार करतें. मी करतों काय?" मग तिच्याकडे वळून तमिळमध्ये, अगदी हळुवार, "कन्ना, तुझा फोटो बघून एखादी गरीब मुलगी स्वप्न बघेल. तिचं स्वप्न मोडायचं का?"

त्या आवाजातला गोडवा अजून माझ्या कानात चिकटून आहे, सांडलेल्या पाकासारखा. कयलने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि कॉफीला हात न लावता उठली. मी दुसऱ्या दिवसापासून अकादमीत गेले नाही. होर्डिंग पुढच्या निकालापर्यंत राहिलं. उन्हाने त्याचा निळा रंग विटला, पण कयल हसतच होती.

ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आता ती वैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे. "मिस," ती म्हणाली. मागे वॉर्डातला गोंगाट होता. "मिस, मी रडतेय म्हणे."

या शहरात माणूस गेला की भिंतींवर 'कण्णीर अंजली' लागते. कण्णीर म्हणजे अश्रू. गेलेल्याचा फोटो, कोपऱ्यात समई, पाणी तरळलेला एक मोठा डोळा आणि शोक करणाऱ्यांची नावं. अकादमीनेही फ्लेक्स लावला होता, ओरगडमच्या शाखेवर आणि भावजींच्या घराच्या पुढच्या बाजूला. मध्ये भावजी, आणि खाली रांगेने 'आपल्या वियोगाने पोरकी झालेली आपली लेकरं'. निकालाच्या वेळचेच फोटो. सगळी मुलं एकाच कोटात, हाताची घडी घालून, प्रसन्न हसत शोक करत होती. पहिल्या रांगेत कयल होती.

"आता तरी काढायला सांगा, मिस. टीचर पुन्हा तिथूनच जातात. त्यांची आई आजारी आहे म्हणून बदली रद्द करून घेऊन परत आल्यात."

मी भावजींच्या घरी गेले. श्रीकांत ओसरीत फोनवर मंडपवाल्याशी बोलत होता. चांगला मुलगा आहे, शोळिंगनल्लूरची आयटीतली नोकरी सोडून बापाच्या धंद्यात आला. त्याने माझं ऐकून घेतलं आणि वडिलांचंच हसू हसला.

"काकू, एकटीचा चेहरा कसा कापायचा? अप्पांच्या खाली भोक पडेल."

"मग पूर्ण उतरव."

"अडमिशनचा सीझन आहे हो. हा जाईपर्यंत राहू दे. पालक इथवर नमस्काराला येतायत." मग आवाज उतरवून, "आणि ती पोरगी काय करणार? मेलेल्या माणसावर केस घालणार?"

त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी आत भावजींच्या खोलीत गेले. तिथे माझी थोरली जाऊ होती, अक्का. खोली रस्त्याच्या बाजूची, एरवी उन्हाने भरलेली असायची. त्या दुपारी आत बुडाल्यासारखा निळा अंधार होता. फ्लेक्सने खिडकी पुरती झाकली होती. मागून येणारं ऊन कापडातून झिरपत होतं आणि खिडकीच्या गजांवर उलटी अक्षरं, उलटे चेहरे तरंगत होते. वारा नव्हता, प्लास्टिकचा तापलेला वास कोंडला होता. भावजींच्या वेताच्या खुर्चीत अक्का बसली होती. त्या खुर्चीत बसलेली मी तिला आयुष्यात पाहिली नव्हती. तिच्या हाताशी त्यांचा पाण्याचा तांब्या, रोजच्यासारखा भरून, वर फुलपात्र पालथं घालून ठेवलेला.

"दिवा लावू, अक्का?"

"नोको. ह्यांनी उजेड अडवला आहे, राहूं दे."

मी जमिनीवर तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. मृतांविषयी बोलताना जो आडपडदा ठेवतात, तो ठेवला नाही. कोट, चिमटे, ओस पडलेला वर्ग, टेबलावर ठेवलेला लॅपटॉप. ती मध्ये एकदाच बोलली.

"शिकवली ती बाई कोण?"

"सेल्वी टीचर म्हणून. ओरगडमला रोज याच फोटोखालून जातात."

"आणि पोर कुठची, ह्यांतली?"

मी उठून खिडकीतल्या पहिल्या रांगेवर बोट ठेवलं. मागून उन्हाने कयलचा चेहरा पेटल्यासारखा दिसत होता. ओठ, दात, सगळं उलटं. अक्का खुर्चीतून उठली, गजांतून हात घालून तिने त्या कापडाला बाहेरच्या माणसाला स्पर्श करावा तसा तळवा लावला. तापलं होतं, तरी काढला नाही.

"अक्का, तिचा एकटीचा कापता येत नाही म्हणतो श्रीकांत. उतरवायचा तर सगळाच उतरवावा लागेल, इथलाही आणि ओरगडमचाही. भावजींचा फोटोसुद्धा."

वर, मधोमध, तिचे यजमान होते, पाठमोरे नव्हेत, पण उलटे, कपाळावरचं गंध दुसऱ्याच बाजूला झुकलेलं. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर कुणी पालक श्रीकांतला शाखेचा पत्ता विचारत होता. मग तिने हात मागे घेतला, पदराला पुसला आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली,

"काढ."