उभ्या गाडीचं तेल

"बंद करा! आधी चावी फिरवा, मग बोला! इंजिनाचा जीव घ्यायलात तुम्ही!"

लोह्याच्या अलीकडे रस्त्याकडेला पत्र्याचं एक गॅरेज होतं. तिथले मिस्त्री हातातला पाना उगारत आमच्या गाडीच्या दिशेनं धावत आले. मी घाबरून चावी सोडून वायपरचा दांडा फिरवला. भर उन्हात वायपर कोरडी काच खरडू लागले. बोनेटखाली तर अख्ख्या तालुक्यातल्या कासारांनी एकदम पातेली ठोकायला घेतली होती. शेवटी शेजारी बसलेल्या माझ्या लेकीनं हात लांबवून चावी फिरवली. मग इतकी शांतता झाली, की पलीकडच्या शेतातली म्हैस रवंथ करताना ऐकू यायला लागली.

"मी अहमदपूरपासून सांगतेय, बाबा. लाल दिवा लागलाय."

सांगत होती खरी. तेलाच्या बुधलीचं लाल चित्र समोर पेटलं होतं. मी म्हटलं होतं, नव्या गाडीत दिवे जरा जास्तच असतात.

सव्वाआठ वाजले होते. दहाला नांदेडात तिचा मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा पेपर, आणि साडेनऊला फाटक बंद. त्या वर्षी लातुरात परीक्षेला बसणारी पोरं इतकी झाली होती, की केंद्रं भरून सांडली आणि सांडलेल्यांत आमची लेक नांदेडला पडली. तिनं दोन वर्षं सणवार पाहिला नव्हता. मावशीच्या लग्नातसुद्धा मांडवाच्या खांबाला टेकून जीवशास्त्र वाचत होती.

मिस्त्रींनी बोनेट उघडलं, तेलाची काडी उपसली, फडक्यानं पुसली, पुन्हा बुडवली आणि माझ्या नाकासमोर धरली. टोकाला जेमतेम एक थेंब. काजळात डांबर कालवल्यासारखा.

"तेल कधी बदललं, सर?"

मी सर आहे हे त्यांनी कसं ओळखलं कोण जाणे. शर्टाच्या खिशाला खडूची पांढरी बोटं लागलेली असावीत. मी कॉलेजात गणित शिकवायचो, आणि उरलेला सगळा दिवस शिकवण्या. त्याच शिकवण्यांवर ही गाडी आली होती.

"बदलायचं कशाला?" मी म्हणालो. "नवी गाडी आहे. दीड वर्षसुद्धा झालं नाही. पाच हजार किलोमीटरला तेल बदला, असं पुस्तकात लिहिलंय. मीटर बघा की! साडेतीन हजारसुद्धा नाही."

चुकीचं उत्तर काढलेल्या पोराकडे बघावं तसा मी त्यांच्याकडे बघत होतो.

"दीड वर्षात साडेतीन हजार? मग गाडी करत काय होती घरी?"

आता हे रस्त्यात उभं राहून कसं सांगायचं? भूकंपाच्या पहाटे आमच्या गल्लीत एकच जीप होती आणि ती सुरू होईना. अख्खी गल्ली जीपला ढकलत होती आणि जमीन आम्हांला. ते माझ्या आईच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. गाडी दारात आली, त्या दिवशी तिनं कुंकू लावलं आणि फर्मान काढलं: तोंड कायम फाटकाकडं, आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास इंजिन सुरू. "पळायची वेळ आली तर धक्के मारीत बसू का?" जमीन पुन्हा हलली नाही, पण आमच्या गाडीचं इंजिन देवाच्या नंदादीपासारखं नेमानं पेटत राहिलं.

त्यात लेकीची अकरावी-बारावी. वरच्या खोल्या मी क्लासच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. बारा पोरं बारा सुरांत पाठांतर करायची, आवाजानं पाल भिंतीवरून खाली पडायची. शिवाय लोडशेडिंग. शेवटी लेकीनं शांत आणि थंड जागा शोधून काढली. गाडीत बसायचं, काचा वर, एसी सुरू. मागच्या सीटवर तिची पुस्तकं, पुढच्या सीटवर उशी. रोजचे चार-चार तास गाडी जागच्या जागी घुरघुरायची. मी तर अभिमानानं पाहुण्यांना खिडकीतून दाखवायचो. चाकांना वेल वेढून वर चढला होता, म्हणाल तर दोन शेंगाही धरल्या होत्या.

हे सगळं मी थोडक्यात सांगितलं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं.

"मीटर फिरलं न्हाई म्हणून इंजिन बी फिरलं न्हाई का, सर?"

अठरा वर्षं काळ, काम, वेग शिकवत होतो मी. वेग शून्य तर अंतर शून्य, हे फळ्यावर हजारदा लिहिलं असेल. पण वेळ शून्य होत नाही, हे मला रस्त्याकडेला तेलकट हाताच्या माणसाकडून कळलं, तेही लेकीसमोर. तिनं खणातून गाडीचं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि वाचून दाखवलं. पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी होईल ते. 'किलोमीटर'शी पान संपत होतं, पुढचं वाचायला ते उलटायचं होतं. मी उलटलं नव्हतं.

"वरून थोडं तेल ओता, मिस्त्री. मी कसाबसा पोचतो."

"पोचाल की. कुठं, ते सांगता येत न्हाई." मग हळू आवाजात म्हणाले, "जुनं काढून, धुवून, नवं भरायला दीड तास लागंल. पोरीला दुसऱ्या गाडीनं धाडा."

तेवढ्यात एक काळी-पिवळी जीप आली. माणसं आत कमी आणि बाहेर जास्त. मिस्त्री रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ड्रायव्हर ओरडला, "एकच बसंल! एकच!" आतून मेथीच्या पेंढ्या मांडीवर घेतलेली एक बाई सरकली. "ये माय, बस हितं." लेक बसली, प्रवेशपत्राची पिशवी छातीशी धरून. जीप सुटली आणि मी मागे धावलो. "सोपे आधी सोडव! अवघड सोडून दे! घड्याळ बघ!" धुरळा तोंडात गेला. तिनं मागं वळून पाहिलं की नाही, ते मला दिसलं नाही.

मग दीड तास मी उपड्या बादलीवर बसून होतो. जुनं तेल ट्रेमध्ये थेंबथेंब गळत होतं. तेवढ्या वेळात माझं वजन नक्की पाच किलो उतरलं.

"ती जीप पोचेल ना?"

"रोजची गाडी हाय. पोचंल." पाचव्यांदा विचारलं तेव्हा मिस्त्रींनी तेलाची काडीच माझ्या हातात दिली. "मीटरचं ऐकू नका. ही काढून बघत जा, आठ दिवसाला. निघताना बी बघा."

मी मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा मी शेवटच्या बाकावरचा पोरगा होतो.

नांदेडात पोचलो तेव्हा फाटक कधीच बंद झालं होतं. जीप वेळेत आली की नाही, लेक आत आहे की कुठं रस्त्यावर रडत उभी आहे, काही कळायला मार्ग नव्हता. रखवालदार म्हणाला, "हजार पोरं आत गेली, तुमची कोणती ते मी काय सांगू?" मी फाटकाचे गज धरून उभा राहिलो.

एक वाजता फाटक उघडलं. पोरांच्या लोंढ्यात ती दिसली. खांद्यावर मेथीचं पान चिकटलेलं. माझ्या जिवात जीव आला, आणि जीव आला की माझं तोंड सुटतं.

"पोचलीस ना वेळेत! पेपर कसा गेला? चल, बस. एसी लावतो. नवं तेल घातलंय, आता आपली गाडी दिल्लीलासुद्धा जाईल!"

तिनं गाडीकडे पाहिलं.

"काडी काढून बघितली का?"

"अगं, आत्ताच तर भरलंय. बघायचं काय त्यात?"

"मग मी एसटीनं येते," ती म्हणाली.